आमचं घर खुडूक बसतं

कोंबडी आधी की अंडं आधी, या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी डोकेफोड केली आहे. त्यांना घरी अंडी उबवायला बसवलं असतं तर उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळालं असतं. आधी थर्मामीटर. कोंबडी आणि अंडं, दोन्ही नंतर.

आमचं घर शुद्ध शाकाहारी. आईच्या राज्यात अंड्याने कधी उंबरा ओलांडलेला नव्हता. वाढदिवसाचा केकसुद्धा तो कशाकशाचा आहे याची भरसभेत चौकशी झाल्यावरच कापला जायचा. अशा घरात एके दिवशी बारा अंडी आली आणि थेट देवघरालगतच्या कोठीच्या खोलीत विराजमान झाली. कारण वाऱ्याचा झोत न येणारी तेवढीच एक खोली होती. आईने "खायला नाहीत ना?" असं तीनदा विचारून घेतलं. नाहीत, पिल्लं काढायची आहेत, असं कळल्यावर ती म्हणाली, "मग ती अंडी नव्हेत, पोरं आहेत." या एका वाक्याने धर्मशास्त्राची अडचण संपली आणि आमची सुरू झाली.

उपक्रम मूळचा कन्येचा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. मुलांचा उपक्रम म्हणजे काय, हे ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको. तिने थर्मोकोलचं खोकं मिळवलं, त्यात विजेचा दिवा, तळहाताएवढा पंखा, ठरलेल्या अंशाला दिवा आपोआप चालूबंद करणारं यंत्र आणि पाण्याची वाटी बसवली, वर काच ठेवली, आणि लगेच तिची घटक चाचणी सुरू झाली.

अंडी शेजारच्या मावशींची. मावशींच्या पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. घरच्या मीठमिरचीचा खर्च या सहा जणांच्या जिवावर चालतो. दुकानातली अंडी या कामाला चालत नाहीत, कारण ती घालणाऱ्या कोंबड्यांनी जन्मात कोंबड्याचं तोंड पाहिलेलं नसतं. मावशींनी खोक्याला एक प्रदक्षिणा घातली, काचेतून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "ह्यात? कोंबडीबिगर?"

"हो. दिव्याच्या उबेवर."

"बरं. माजीबी एक खुडूक झालीया. तिच्याखाली आजच अकरा ठिवते. बघू कुनाची निघत्यात."

झालं, शर्यत लागली. एका बाजूला थर्मोकोल, वीज, विज्ञान आणि चार माणसं. दुसऱ्या बाजूला एक कोंबडी.

खुडूक कोंबडीविषयी माझं मत तोवर फारसं चांगलं नव्हतं. घुम्यासारखी बसते, जवळ गेलं की पिसं फुलवून अंगावर येते, अंडी देणं बंद करते; कचेरीतल्या एकदोघांशी तिचं साम्य मला फार वेळा जाणवलं होतं. पण ही बाई काय काम करते ते खोकं सांभाळायला लागल्यावर कळलं. ती पोटाची पिसं झाडून कातडीची ऊब सरळ अंड्यांना देते. दिवसातून एकदा पंधरावीस मिनिटं उठते, दाणापाणी उरकते आणि परत बसते. चोचीने अंडी सारखी फिरवत राहते, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटून बसतो. तिला घड्याळ नाही, थर्मामीटर नाही, कुणाचा वाढदिवस नाही. आम्ही मात्र प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून, दिवसातून पाच वेळा गजर लावून ती फिरवत होतो. पाचच का? तर आकडा विषम हवा, म्हणजे रोज रात्री निराळी बाजू वर राहते. हे गणित समजावून सांगायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात कोंबडीने तिची अंडी दोनदा फिरवली असतील.

खोक्यातली उष्णता लागते ९९.५ अंश फॅरनहाइट. माणसाला एवढी कणकण आली तर तो रजेचा अर्ज लिहायला घेतो. अंड्याला हा ताप एकवीस दिवस हवा. वीज गेली की आम्ही खोक्यावर गोधडी टाकायचो. त्याचं फारसं भय नसतं. कोंबडी उठते तेव्हा अंडी थोडी निवतातच. थोडं निवलेलं अंडं सोसतं, पण फार तापलेलं सोसत नाही. आईचा मात्र यंत्रावर विश्वास नव्हता. अंडं उचलून ती गालाला लावायची आणि "बरोबर आहे" किंवा "जरा जास्त वाटतंय" असा निकाल द्यायची. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवणारे कारागीर अंडं पापणीला लावून उष्णता ओळखतात, हे मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? त्यात वाचायचं काय आहे?"

सातव्या रात्री घरातले सगळे दिवे मालवून, एकेका अंड्याखाली विजेरी धरून पाहिलं. दोन अंडी आरपार स्वच्छ, म्हणजे रिकामी. बाकीच्यांत तांबड्या शिरांचं कोळिष्टक, आणि त्याच्या मधोमध हलणारा काळा ठिपका. कन्या चाचणीचा अभ्यास टाकून आली होती. कुणीच काही बोललं नाही. आई तेवढी हात जोडून उभी होती, देवघर पलीकडच्या बाजूला असूनही.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नाहीत आणि झाकण उघडायचं नाही. पोल्ट्रीवाले याला लॉकडाऊन म्हणतात. आपण तो शब्द २०२० साली शिकलो, कोंबड्यांच्या धंद्यात तो आधीपासून होता. खरी परीक्षा इथून पुढे. एकविसाव्या दिवशी पहाटे एका अंड्याला टिचकी मारल्याएवढी भेग पडली आणि आतून चिवचिव ऐकू आली. मग सगळं थांबलं. एक तास, चार तास, आठ तास. सौ.चा जीव खालीवर. "अहो, अडकलंय ते. जरा कवच सोडवू का नखाने?"

नाही. इथे मदत करायची नसते. त्या तासांत पिल्लू नुसतं पडून नसतं. ते पहिल्यांदाच फुप्फुसाने श्वास घ्यायला शिकत असतं. अंड्याच्या आतल्या पातळ पापुद्र्यातलं रक्त अंगात ओढून घेत असतं. उरलेला पिवळा बलक पोटात घेत असतं. त्या शिदोरीवर पुढे दोनतीन दिवस दाण्यापाण्यावाचून निघतात. घाई करून सोडवलं तर रक्तस्राव होतो. झाकण उघडलं तर आतला दमटपणा जातो आणि पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो. एवढं सगळं मी सौ.ला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीबाहेर पुरुष असंच बोलतात."

दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत बारातली सात निघाली. रिकामी दोन सोडली तर तीन आतच राहिली. मावशींच्या कोंबडीने अकरातली दहा काढली. निकाल लागला होता. मावशींनी मोठ्या मनाने तो बोलून दाखवला नाही. प्रदर्शनात कन्येला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं खाण्याच्या सोड्याच्या ज्वालामुखीला गेलं.

सातांपैकी पाच टुणटुणीत होती. गोणपाट अंथरलेल्या पेटीत, दिव्याखाली, कणी टिपत हिंडायची. गारठली की दिव्याखाली गोळा व्हायची, उकडलं की भिंतीला जाऊन लागायची. थर्मामीटर मी त्या दिवशी कपाटात ठेवून दिला. राहिलेली दोन मात्र आमच्या वाट्याला आली. एकाचे पाय दोन बाजूंना फाकलेले. उभं राहायला जावं तर बेडकासारखं पोटावर पसरायचं. दुसऱ्याची मान वळून पाठीवर गेलेली, नजर कायम आढ्याकडे. नावं ठेवायची नाहीत, नाव ठेवलं की जीव गुंततो, असा सौ.चा हुकूम होता. तासाभरात तिनेच पहिल्याला फेंगड्या आणि दुसऱ्याला ज्योतिषी म्हणायला सुरुवात केली.

मावशी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "वैनी, सोडा त्येंना. माज्या कोंबडीनं काय केलं बघितलंसा का? एक उठंना, त्याच्याकडं वळून बगितलं न्हाई तिनं. नऊ घिऊन गेली फुडं."

कन्येला हे फार निर्दय वाटलं. मला तसं वाटलं नाही. मावशींच्या नऊ पिल्लांवर घार, मांजर, मुंगूस यांचे डोळे. त्यातली चारपाच मोठी झाली तरी त्यांच्या लेखी वर्ष चांगलं. एका पिल्लाला दर दोन तासांनी पाणी पाजत बसायचं म्हणजे तेवढी धुणीभांडी राहिली. कनवाळूपणाला मोकळा वेळ लागतो. तो आमच्याकडे होता, त्यात आमची बढाई काय?

फेंगड्याला आणि ज्योतिष्याला बुटाच्या खोक्यात घालून आम्ही रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत आमच्या पुढे एक म्हैस आणि मागे दोन शेळ्या. म्हशीच्या मालकाने खोक्यात डोकावून किंमत विचारली. मी म्हटलं, रिक्षाचं भाडं याच्या दुप्पट झालंय. डॉक्टर मात्र भले. हसले नाहीत. पहिला प्रश्न, "खाली वर्तमानपत्र अंथरलंय का?" गोणपाट आहे म्हटल्यावर "छान" म्हणाले. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरतात आणि असे फाकतात, म्हणून पेटीत वर्तमानपत्र घालायचं नाही. (माणसांनाही ते लागू पडावं, असं मला अग्रलेख वाचताना पुष्कळदा वाटलं आहे.) काही पिल्लं मात्र अंड्यातूनच तशी येतात. उपाय सोपा होता. चिकटपट्टीची बारीक पट्टी कापून दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे एकमेकांना बांधायचे. पण पहिल्या एकदोन दिवसांत. हाडं कोवळी असतात तोवरच ती ऐकतात. ज्योतिष्याला जीवनसत्त्वांचे थेंब दिले आणि चोचीच्या कडेने पाणी पाजायला सांगितलं. "ठेवायचं असेल तर प्रयत्न करा," एवढंच म्हणाले.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला शुश्रूषा म्हणावं की जत्रा, कळत नाही. पट्टी बांधलेला फेंगड्या दोन पावलं टाकी आणि तोंडावर आपटे. आई समोर बसून "उठ रे, उठ" म्हणे. कुणाचं बूड वाळलेल्या शीने बंद झालं, की कोमट पाण्याचा बोळा घेऊन सौ. हजर, ते वेळेवर पुसलं नाही तर पिल्लू दगावतं. ती वैतागून म्हणाली, "तीन आठवडे हात लावू नका, हात लावू नका. आता म्हणताय हात काढू नका!" मला उत्तर सुचलं नाही. कवचाच्या अलीकडे आणि पलीकडे नियम उलटे आहेत खरे.

ज्योतिषी पाचव्या दिवशी सकाळी गेला. रात्री दोन वाजता सौ.ने त्याला पाणी पाजलं होतं. जास्वंदीखाली खड्डा केला. कन्या त्या दिवशी शाळेत गेली नाही आणि कुणी तिला जा म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी फेंगड्याची पट्टी काढली. तो उभा राहिला, डगमगला, पुन्हा उभा राहिला, आणि कणीच्या ताटलीकडे इतका वेगाने निघाला की ताटली ओलांडून भिंतीवर आदळला.

सातव्या दिवशी मानमोडीची लस. पुस्तकांत या रोगाला राणीखेत म्हणतात, इंग्रज जिथे हवा खायला जात त्या थंड हवेच्या गावावरून. इंग्लंडात तो १९२६ साली न्यूकॅसलला आढळला म्हणून तिकडे त्याचं नाव न्यूकॅसल. नावं कितीही असली तरी एकदा आला की औषध नाही. खुराडीच्या खुराडी बसतात. लशीची लहानात लहान कुपी मिळाली ती शंभर पिल्लांची. आमच्याकडे सहा. बर्फातून काढून कालवली की दोन तासांत संपवायची. कन्या गल्लीत ओरडत सुटली. पंधरा मिनिटांत आमच्या व्हरांड्यात डालगी, पाट्या, पिशव्या आणि एक जुनी बादली, सगळ्यांतून कलकलाट. एका डोळ्यात एक थेंब, पिल्लाने पापणी मिटेपर्यंत थांबायचं, पुढचं. सौ.चा हात असा बसला की शेवटी ती न बघता थेंब सोडत होती. एकाने पोपट आणला, त्याला परत पाठवलं. एका आजोबांनी जाता जाता स्वतःच्या डोळ्याची तक्रार सांगून पाहिली. मावशींची नऊच्या नऊ झाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मावशी भरदुपारी दारात. पदराखाली काहीतरी झाकलेलं.

"वैनी, ह्याची बोटं बगा की वाकडी झाल्यात. मुठीवानी. चालतं ते घोट्यावर."

सौ.ने पिल्लू हातात घेतलं. म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, सोडा म्हणून?"

"म्हनाले हुते," मावशी म्हणाल्या. "पर ही नात रडतीया." नात कुठेच दिसत नव्हती.

डॉक्टरांना फोन केला. बी-दोन जीवनसत्त्व कमी पडलं की अशी बोटं वळतात, थेंब सुरू करा, म्हणाले. फेंगड्याच्या जुन्या पेटीत नवा पेशंट दाखल झाला. फेंगड्या आता अंगणात बाकीच्या पाचांच्या पुढे पळतो. त्याच्या डोक्यावर तुऱ्याची लाल रेघ दिसायला लागली आहे, तेव्हा पहाटेच्या झोपेचं काय व्हायचं ते उघड आहे.

जाताना मावशींनी कनवटीची पुरचुंडी सोडून टेबलावर चार अंडी ठेवली. "दवाखान्याची फी," म्हणाल्या.

"अहो मावशी, आम्ही खात नाही."

"ठावं हाय की. खा म्हनलं का मी?"

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी कन्येकडे पाहिलं. कन्येने सांगितलं की सोमवारपासून तिची सहामाही आहे. आई आतून आली, त्यातलं एक अंडं उचलून तिने गालाला लावलं आणि म्हणाली, "गार आहे हो हे."