दोन तांबं, एक कथील

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे घरी बसायला सांगितलं. शिरोलीच्या एमआयडीसीत बावीस वर्षं भट्टीसमोर काढलेल्या माणसाला पलंगावर बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. चौथ्या दिवशी पुण्याहून भाचा आला. आपला जुना लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "मामा, हा गेम खेळा. ह्यात ब्राँझ करायचं असतंय. तुमच्या तर हातचा मळ."

गेमचं नाव व्हॅलहाइम. स्वीडनच्या आयर्न गेट नावाच्या कंपनीतल्या पाच जणांनी तो केला, फेब्रुवारी 2021 मध्ये बाजारात आणला आणि महिनाभरात त्याच्या 50 लाख प्रती खपल्या. गोष्ट अशी, की लढाईत मेलेल्या एका व्हायकिंगला वाल्किरी नावाची देवदूती उचलून आणते आणि अनोळखी माळावर सोडून देते. अंगावर चिंध्या, हात रिकामे. ओडिन देवाचा ह्युगिन नावाचा डोमकावळा अधूनमधून येऊन दगडावर बसतो, दोन उपदेश करतो आणि उडून जातो. बाकी सगळं तुमचं तुम्ही बघायचं.

मी बघितलं. लाकडं गोळा केली, दगड वेचले, दगडी कुऱ्हाड केली. दहा लाकडं घालून कामाचं बाकही मांडलं. पण बाक काही काम करू देईना. छप्पर हवं म्हणे. उघड्यावर आयुष्यभर कामं केलेल्या माणसाला हे पटायला अर्धा तास लागला. मग चार खांबांवर पत्र्याच्या शेडसारखं काहीतरी उभं केलं आणि त्यात पहिली रात्र काढली. बाहेर कोणीतरी गुरगुरत होतं. मी लॅपटॉपचा आवाज बंद केला.

पुढे आयक्थिर नावाचा हरणासारखा राक्षस मारायचा होता. हरणांची दोन मुंडकी वेदीवर ठेवली की तो येतो आणि शिंगांतून वीज सोडतो. त्याने मला तीनदा मारलं. मेलं की आपलं सगळं सामान तिथल्या थडग्यात राहतं, आपण उघडे अंथरुणात जागे होतो, आणि शिकलेल्या प्रत्येक कसबातून पाच टक्के कमी होतात. तिसऱ्या मरणानंतर भाच्याला फोन लावला.

"मामा, जेवलाय का?"

"जेवलो की. पिठलं-भाकरी."

"तुम्ही न्हवं! गेममधला!"

ते ध्यानातच आलं नव्हतं. रिकाम्या पोटी त्या गड्याचा जीव अवघा 25. तीन वेगवेगळे पदार्थ पोटात गेले की तो कितीतरी वाढतो. मी तीन वेळा उपाशी माणसाला लढायला पाठवलं होतं आणि दर वेळी दोष कुऱ्हाडीला देत होतो. डुकराचं मांस भाजून, रासबेरी खाऊन गेलो आणि आयक्थिर पडला. त्याच्या टणक शिंगाची कुदळ झाली. आता तांबं फोडता येणार होतं. मनात म्हटलं, इथून पुढे आपलंच राज्य.

आणि इथेच मी आठ दिवस अडकलो.

काळ्या जंगलात तांब्याचे खडक सापडले, ओढ्याकाठी कथील सापडलं. एका तांब्याच्या खड्याचं वजन दहा आणि माणूस पेलणार तीनशे. त्यापुढे एक खडा जरी उचलला, की गडी हमालासारखा वाकून चालतो, पळता येत नाही. असल्या खेपा करून पेटी खनिजाने भरली. मग हातोडा घेऊन यादी उघडली, तर तीत भट्टी नाही! भिंती आहेत, दारं आहेत, भट्टी नाही. वाटलं खनिज कमी पडतंय. आणखी आणलं. वाटलं बाक लहान आहे. ते सुधारलं. वाटलं घर मोठं हवं. दुमजली केलं. भट्टी येईना. बावीस वर्षं भट्टी चालवणारा माणूस भट्टीच्या शोधात आठ दिवस भिंती बांधत होता, हे फाउंड्रीत कोणाला कळलं असतं तर मला परत कामावर जायची सोय राहिली नसती.

शेवटी हार मानून विचारलं.

"मामा, कोअर आणलाय का? सर्टलिंग कोअर?"

आमच्याकडे कोअर म्हणजे वाळूचा. कास्टिंगला आतून पोकळी हवी असली की साच्यात ठेवतात तो. मी विचारलं, "त्याला वाळू कुठली लागते?" पलीकडे बराच वेळ शांतता.

मग उलगडा झाला. ह्या गेममध्ये एखादी वस्तू तुम्ही पहिल्यांदा हातात घेतली, की तिच्यापासून काय काय होतं ते यादीत उमटतं. तोवर ती गोष्ट जगात आहे असं गेम तुम्हाला कळूही देत नाही. भट्टीला लागतात वीस दगड आणि पाच सर्टलिंग कोअर. कोळशाच्या भट्टीला तेवढेच आणखी. आणि हे लालसर चमकणारे कोअर मिळतात काळ्या जंगलातल्या दगडी थडग्यांच्या आत, जिथे सांगाडे तलवारी घेऊन फिरतात. त्या थडग्यांची तोंडं मी रोज बघत होतो आणि लांबून वळसा घालत होतो. तिथलं आपलं काही काम नाही, असं स्वतःला सांगत होतो. अडचण खनिजाची नव्हतीच. ज्या दारात जायची भीती वाटत होती, पुढची वाट नेमकी त्यातून होती, आणि मी भीती झाकायला मजले चढवत होतो.

ढाल घेतली, पोटभर खाल्लं, मशाल पेटवली आणि आत शिरलो. दोन थडग्यांतून दहा कोअर मिळाले. पहिला हातात येताच यादीत भट्टी उगवली. रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी एकटाच "आली!" म्हणून ओरडलो. बायको उठून आली. तिला वाटलं गुडघ्यातून कळ आली.

भट्टी पेटली, एका लगडीला दोन कोळसे ह्या हिशेबाने तांबं निघालं, कथील निघालं, आणि लोहाराच्या भट्टीवर मी ब्राँझ जुळवायला बसलो. दोन तांबं, एक कथील. मिळणार किती? एक ब्राँझ.

इथे माझ्यातला फाउंड्रीवाला उठून बसला. आमचं गनमेटल म्हणजे 88 टक्के तांबं, 10 टक्के कथील, 2 टक्के जस्त. तेहतीस टक्के कथील घातलं तर धातू पांढरा पडतो आणि काचेसारखा फुटतो. केरळात आरनमुळाचे धातूचे आरसे जवळपास ह्याच प्रमाणातून होतात. त्यात तोंड बघावं, त्याची कुऱ्हाड करू नये. शिवाय तीन लगड्या घालून एक बाहेर येते, म्हणजे बाकीच्या दोन गेल्या कुठे? आमच्याकडे शेकड्याला चार-पाच किलो घट आली तर मालक जाब विचारतो. इथे तिनातले दोन गायब आणि कोणी हूं की चूं करत नाही. भाच्याला हे सगळं सुनावलं. तो म्हणाला, "मामा, कुऱ्हाडीला आठ ब्राँझ लागतंय. हिशेब करा आणि खाणीवर जावा."

हिशेब केला. सोळा तांबं, आठ कथील, अठ्ठेचाळीस कोळसे. मुकाट्याने खाणीवर गेलो.

कुऱ्हाड हवीच होती, कारण बर्चचं झाड दगडी कुऱ्हाडीला दाद देत नाही. घाव घातला की वर अक्षरं उमटतात, फार कठीण आहे. आणि त्या झाडाच्या चांगल्या लाकडाशिवाय धड नाव नाही, धड धनुष्य नाही, क्षणात दूर पोचवणारं पोर्टलचं दार नाही. खाणीवर मात्र निळा, दुमजली उंचीचा ट्रोल नावाचा राक्षस अख्खा ओंडका खांद्यावर घेऊन फिरत होता. दोनदा त्याने मला चिरडलं. तिसऱ्यांदा मी घाबरून तांब्याच्या खडकामागे लपलो आणि त्याचा ओंडका खडकावर बसला. खडकाचे तुकडे उडाले, त्यात तांबं! माझ्या कुदळीला जे काम बराच वेळ पुरलं असतं, ते त्याने पाच-सहा फटक्यांत करून दिलं. त्यानंतर मी ट्रोलला टाळलं नाही. त्याला हाका मारून खडकाकडे आणायचो आणि बाजूला उडी घ्यायचो. असा हॅमरमन आम्हाला पगार देऊनही मिळत नाही.

ब्राँझची कुऱ्हाड झाली, बर्च पडला, नाव झाली. पोर्टलही झालं, पण त्यातून धातू जात नाही. माणूस जातो, मांस जातं, लाकूड जातं, लगडी घेतलेली असली की दार गप्प. 2023 पासून ही अट सेटिंगमध्ये जाऊन उठवता येते. भाचा म्हणाला, "करू का बंद?" मी नको म्हटलं. आमच्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली. ग्रीकांचा समुद्रदेव रोमन काळात पाणी ओलांडून, घाट चढून पंचगंगेकाठी आला. तो काही पोर्टलमधून आला नाही. धातूने वाट तुडवावी, हे मला पटतं.

मागे एकदा वाट चुकून मी दलदलीत गेलो होतो. चिखलात अर्धं बुडालेलं एक थडगं होतं आणि त्याला कुलूप. त्या दारावर संध्याकाळभर कुऱ्हाड मारली होती. आता ती जुनी खोड राहिली नव्हती. दार उघडेना, तेव्हा दाराकडे बघत न बसता मागे कुठली पायरी सोडली ते शोधायचं. ती पायरी म्हणजे एल्डर, झाडासारखा राक्षस. तीन प्राचीन बिया जाळून त्याला बोलावलं, आगीच्या बाणांनी पाडलं, आणि त्याच्याजवळ किल्ली मिळाली.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी ती किल्ली घेऊन दलदलीत गेलो. दार उघडलं. आत गुडघाभर पाणी, चिखलाचे ढीग, अंधारात कण्हणारी भुतं. एक ढीग फोडला. हातात काहीतरी आलं आणि यादीत एकदम कितीतरी नव्या गोष्टी उमटल्या. काय एवढं मौल्यवान मिळालं म्हणून नाव वाचलं.

भंगार लोखंड.

आमच्या फाटकावर रोज सकाळी ट्रक भरून येतं ते. परवा सोमवारी मी कामावर रुजू झालो. वजनकाट्यावर तोच ढीग पडला होता, गंजका, वेडावाकडा. त्यातला एक तुकडा उचलून मी जरा जास्तच वेळ हातात धरला असावा. वॉचमन म्हणाला, "साहेब, काय हरवलंय का?"