लास व्हेगास येथील पाहुणचार

अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यांत, मोहावीच्या रुक्ष वाळवंटांत लास व्हेगास हें शहर वसलें आहे. सन १९३१ मध्यें त्या राज्यानें द्यूतास कायद्यानें मोकळीक दिली, आणि पाणी दुर्लभ अशा भूमींत पुढें कारंजीं नाचूं लागलीं. आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियांत नोकरीस असल्यामुळें आम्हां उभयतांस हें नगर पाहण्याचा योग आला.

रात्रीं एका प्रचंड द्यूतगृहांत शिरलों. आंत खिडकी नाहीं, भिंतीवर घड्याळ नाहीं. खेळणारांस मद्य मात्र फुकट. तेथें चिरंजिवांच्या ओळखीचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ सपत्नीक भेटले. "मास्तर, खोली फुकट, जेवण फुकट! मालक मोठा दिलदार," असें ते अभिमानानें म्हणाले. त्यांच्या गळ्यांत दोरीला अडकविलेलें एक कार्ड होतें. तें यंत्राच्या फटींत सारून ते पुन्हां खेळावयास बसले.

हें औदार्य कोणत्या गणितावर उभें आहे तें चिरंजिवांनीं समजावून दिलें. आम्ही जन्मभर मुलांस त्रैराशिक शिकविलें. वाचकांनीं क्षणभर पाटी घ्यावी. रुलेटचें दोन शून्यांचें चक्र घ्या. त्यास ३८ घरें. आपला आंकडा आल्यास पणाच्या ३५ पट मिळतात. न्यायानें ३७ पट मिळावयास हवेत. म्हणजे लावलेल्या दर शंभर डॉलरांमागें सरासरी सव्वापांच धन्याचे. आतां एक मनुष्य दर फेरीस २५ डॉलर लावतो, तासाला ४० फेऱ्या होतात व तो चार तास बसतो असें धरूं. एकूण ४,००० डॉलर लागले. त्यांत त्याची अपेक्षित हानि सुमारें २१० डॉलर. तिचा कांहीं हिस्सा, समजा तीस टक्के, पाहुणचाराच्या रूपानें परत द्यावयाचा. झाले ६३ डॉलर. शिवाय ही रक्कम जेवणाच्या विक्रीच्या किंमतीनें मोजलेली. धन्यास तें जेवण त्याहून स्वस्तांतच पडतें.

मौज अशी, कीं मनुष्य त्या रात्रीं प्रत्यक्ष हरला कीं जिंकला याच्याशीं या हिशेबाचा फारसा संबंध नाहीं. जिंकलेल्यासही मेजवानी मिळते. तो पुन्हां यावा एवढीच इच्छा. उलट दहा मिनिटांत मोठी रक्कम घालवून उठणारास कदाचित् कांहींच मिळावयाचें नाहीं, कारण तो बसला थोडा वेळ. मेजावरील खेळांत देखरेख करणारा अधिकारी सरासरी पण व वेळ नजरेनें अजमावून टिपतो. यंत्रावर मात्र कार्डामुळें पै न् पैची नोंद होते. आपलीच खतावणी गळ्यांत बांधून फिरावें तसें हें.

हस्तिनापुरांतही द्यूतासाठीं नवी सभा उभारली होती, व पांडवांस पहिली रात्र उत्तम मंदिरांत सुखानें निजवून मग दुसऱ्या दिवशीं फांसे मांडले होते. पण शकुनीस कपट करावें लागलें. येथें त्याची गरजच नाहीं. चक्र अगदीं सरळ असतें, दोन शून्यें पुरतात.

त्या गृहस्थांस आम्हीं विचारलें, "आज किती गेले?"

"तें कोण मोजतो?" असें म्हणून ते हंसले.

त्यांच्या पत्नी हंसल्या नाहींत. मागाहून आमच्या कुटुंबाशीं बोलतांना त्यांनीं सांगितलें, कीं फुकट मुक्कामाचीं असलीं निमंत्रणें घरीं वरचेवर येतात. हल्लीं टपाल त्या स्वतःच आधीं काढून घेतात.