थांबणारा हात

चहाचा कप हातात फिरवत माझी जुनी मैत्रीण म्हणाली, "शरीरसुखात मला थोडं दुखलेलं आवडतं. नवऱ्याला ते माहीत आहे." माझी नजर आपसूक तिच्या दंडावर गेली. तिनं ती ओळखली. "तसं नाही गं. मी 'लाल' म्हटलं, की तो त्या क्षणी थांबतो."

मग तिनं सगळं सांगितलं. काय चालेल, काय मुळीच नाही, हे दोघं आधी बसून ठरवतात. दारू घेतली असेल तर तो विषयच नाही. नंतर तो तिला पांघरुणात घेतो, पाणी देतो, बराच वेळ जवळ बसून राहतो.

क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञानं 1890 मध्ये साद आणि मासोख या लेखकांच्या नावांवरून या ओढीला नावं दिली आणि तिला विकृतींच्या यादीत बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात सज्ञान माणसांनी परस्परसंमतीनं केलेली ही क्रीडा आजार राहिलेली नाही. संमती नसलेल्यावर लादलेली क्रूरता मात्र तिथं विकार म्हणून कायम आहे.

वात्स्यायनानं तर 'कामसूत्रा'त नखक्षत, दंतक्षत आणि प्रहणन म्हणजे प्रणयातले आघात यांचा शास्त्र म्हणून विचार केला. पण प्रहणनाच्याच प्रकरणात तो कुंतलच्या शातकर्णी शातवाहनाची गोष्ट सांगतो: 'कर्तरी' नावाच्या आघातानं राणी मलयवतीचा जीव गेला. आपलं बळ आणि समोरच्याचं नाजूकपण ओळखा, असं तो बजावतो. मला ती राणी विसरता येत नाही. तिला थांब म्हणायला एखादा शब्द होता का?

दुखणं दोन्हीकडे असू शकतं, म्हणून वळ पाहून प्रेम आणि छळ वेगळे ओळखता येत नाहीत. "थांब" म्हटल्यावर काय होतं, ते पाहावं लागतं. मार खाणाऱ्या कितीतरी बायका "थांब" म्हणतात आणि हात थांबत नाही. आपल्या कायद्यात सज्ञान बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती आजही बलात्कार ठरत नाही. लग्नात एकदा दिलेला होकार जन्मभराचा धरला जातो.

मैत्रिणीच्या घरी तो होकार दर वेळी नव्यानं विचारला जातो. तिची आवड माझी नाही. पण त्या रात्री घरी येताना मी आठवत राहिले, वीस वर्षांच्या संसारात "तुला चालेल ना?" हे मला कुणी कधी विचारलं होतं, आणि मी तरी कधी विचारलं होतं.