पाच तारे आणि एकही नाही

ऑर्नेट कोलमनच्या ‘फ्री जॅझ’ या अल्बमची दोन परीक्षणं ‘डाउनबीट’ या जॅझ नियतकालिकाने जानेवारी १९६२ मध्ये एकत्र छापली. पीट वेल्डिंगने पाचपैकी पाच तारे दिले, जॉन टायननने एकही नाही. टायननचा आक्षेप थोडक्यात असा, की आठ जण एका स्टुडिओत जमले, यापलीकडे या वादनात सामूहिक असं काही नाही. मी ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो आणि मला त्या पाच ताऱ्यांपेक्षा हा आक्षेप जास्त कामाचा वाटतो. तो कानाने तपासता येतो.

हे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमधलं, २१ डिसेंबर १९६०चं. वादन सुमारे ३७ मिनिटांचं, सलग. दोन चौकड्या एकाच वेळी वाजतात, आणि स्टिरिओत त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. डावीकडे कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफारो, बिली हिगिन्स. उजवीकडे एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. त्यामुळे हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली, की अर्धी मंडळी बाजूला होतात आणि उरलेल्या चौघांची कुजबुजही ऐकू येते. मग दुसरी बाजू. मग दोन्ही.

असं ऐकल्यावर गर्दीत माणसं दिसू लागतात. एका बेसवर लाफारो वरच्या सप्तकात धावत असतो तेव्हा दुसऱ्या बेसवर हेडन खर्ज सोडत नाही. कोलमन एकटा पुढे असतो तेव्हा मागचे फुंकवाले त्याचा एखादा तुकडा उचलतात, जरा वाकवतात आणि त्याच्याकडेच परत टाकतात. दोन एकल वादनांच्या मध्ये आधी बांधलेले छोटे तुकडे येतात. तेवढीच काय ती ठरलेली वाट.

कॉर्ड ठरलेले असतात तेव्हा अवेळी घुसणाऱ्यालाही ते सांभाळून घेतात. वेळ चुकली तरी सूर बसतो. इथे तो आधार नाही. म्हणून बोटांची तयारी फारशी पुरत नाही. खरी कसोटी थांबण्याची. रीड ओली आहे, छातीत हवा भरलेली आहे, शेजाऱ्याने हवाहवासा तुकडा टाकला आहे, आणि तरी गप्प राहायचं. प्रत्येकाने प्रत्येकाला उत्तर दिलं की टायननला ऐकू आलं तेच उरतं.

तसे क्षण या अल्बममध्येही आहेत. काही जागी आठही जण एकमेकांवर चढतात आणि कोणीच मागे हटत नाही. मी पाच तारे देणार नाही. पण एवढा लांब पल्ला, आधाराला इतकं कमी, आणि तरी बहुतेक वेळ कोणी तरी कोणासाठी तरी जागा सोडतंय, हे शून्यात बसत नाही.

तालमीचं रेकॉर्डिंग ऐकताना हल्ली मी स्वतःच्या चांगल्या जागा शोधत नाही. मी न वाजवलेल्या जागा शोधतो. त्या सापडल्या नाहीत, तर त्या दिवसापुरता टायननचा निकाल आम्हाला लागू.