कोल्हापूरच्या मैदानात

धाकट्याच्या हट्टापायी आम्ही गोरेगावहून कोल्हापूर गाठले. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांच्या नावाचे तिथे स्टेडियम आहे. सामना होता पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, एवढेच आम्हांस ठाऊक. इथे पेठांमधल्या तालमी फुटबॉलचे संघ चालवतात. आम्ही कोणाच्याच बाजूचे नव्हतो, तरी शेजारच्यांनी सरकून जागा दिली, शेंगदाणे पुढे केले. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

परतीच्या एस.टी.त धाकट्याने विचारले, "बाबा, आपल्याकडे तालीम का नाही?" आम्ही निरुत्तर झालो.

येत्या रविवारी विहारामागची मोकळी जागा साफ करणार आहोत. वस्तीतील पालकांनी कुदळ-फावडे घेऊन यावे.