जोडाची परीक्षा चढावर

बाबांच्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलला मोटर बसवायचं ठरलं ते महाडच्या नोकरीपायी. वीरहून दासगाव, पुढे गांधारपाले आणि मग महाड. पहाटेच्या पाळीला त्या रस्त्यावर वेळेत काही मिळेल याची खात्री नसते. किट मागवलं ३६ व्होल्ट, २५० वॅटचं. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी सायकल आपल्याकडे मोटार वाहन धरत नाहीत, त्यामुळे पासिंग नाही, नंबरप्लेट नाही. चाक बदलायला आणि बॅटरी सांगाड्यात अडकवायला दोन पाने पुरतात. कस लागतो तो वायरींना, आणि आमच्याकडच्या पावसात तर वायरींपेक्षा त्यांच्या जोडांना.

मागच्या चाकातल्या मोटरमधून आठ वायरी बाहेर येतात. तीन जाड : पिवळी, हिरवी, निळी. पाच बारीक : तांबडी, काळी आणि पुन्हा तेच तीन रंग. जाड वायरींतून मोटरला ताकद मिळते. बारीक वायरी हॉल सेन्सरच्या. चाकातली चुंबकं कुठवर आली हे त्या कंट्रोलरला कळवतात. मोटर एकाची आणि कंट्रोलर दुसऱ्याचा असेल तर रंगाला रंग जोडून भागेलच असं नाही. जुळणी चुकली की मोटर गुरगुरते, चाक जागच्या जागी थरथरतं आणि करंट मात्र भरमसाट खाते. म्हणून आधी मीटर लावायचा. काळी पिन बारीक काळ्या वायरीला, तांबडी पिन बारीक पिवळीला, आणि चाक हाताने सावकाश फिरवायचं. आत गिअर असतील तर उलटं फिरवावं लागतं, कारण सुलटं फिरवलं तर नुसतं चाक फिरतं, मोटर हलत नाही. काट्यावर पाच, शून्य, पुन्हा पाच असं येऊ लागलं की तो सेन्सर जिवंत आहे. मग हिरवी, मग निळी. हे शांतपणे करण्यात मला फार आनंद मिळाला. हाताखाली चाक फिरतंय आणि आत काय चाललंय ते आकड्यात दिसतंय!

सायकल सपाटीला छान पळू लागली. चढाला मात्र मध्येच दम सोडायची, थोडं थांबलं की पुन्हा चालू. घरी आणून मीटर लावला तर बॅटरी ठणठणीत, ४० व्होल्ट. भरलेली असताना ती ४२ दाखवते, म्हणजे तक्रारीला जागाच नव्हती. विकणाऱ्याला फोन केला. बॅटरी बदला, म्हणाला.

शेजारच्या काकांची उमर विजेच्या खांबांवर गेली. त्यांनी बॅटरीला हातही लावला नाही. म्हणाले, "उभ्या सायकलला कसला मीटर लावतोस? तिला ओढायला लाव, मग बघ."

मागचं चाक उचलून धरलं. ब्रेक दाबला की मोटर बंद पडते, म्हणून कटऑफचा प्लग आधी काढून ठेवला. मी ॲक्सिलरेटर पिळला आणि ब्रेक हळूहळू दाबत चाकावर भार आणला. काकांनी मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीच्या तांबड्या वायरीवरच लावल्या, जोडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. चांगल्या जोडावर तिथे जवळपास शून्य यायला हवं. आला पाऊण व्होल्ट.

पाऊण व्होल्ट म्हणजे थोडाच, असं वाटतं. पण तेव्हा दहा अँपिअर जात असतील तर साडेसात वॅट होतात. तेवढ्यावर घरातला एलईडी बल्ब उजेड देतो. इथे ती सगळी उष्णता हरभऱ्याएवढ्या धातूत कोंडते. करंट वाहत नसताना जोडावर व्होल्ट पडतच नाहीत, म्हणून उभ्या सायकलला मीटर सगळं ठीक सांगत होता. स्लीव्ह कापली. वायरीच्या टोकाच्या धातूच्या लगमध्ये तांब्याच्या जेमतेम चार-पाच तारा दाबलेल्या, बाकीच्या बाहेर मुडपलेल्या आणि काळ्या पडलेल्या. जोड किटवाल्याकडूनच तसा आला होता.

लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापली आणि नवा एक्सटी-साठ कनेक्टर डाक देऊन बसवला. पिना झाकलेली बाजू बॅटरीकडे, म्हणजे चुकून पान्याचा स्पर्श झाला तरी शॉर्ट होत नाही. डाक दिला की वायर तिथे ताठ होते आणि खड्ड्यांच्या हादऱ्याने नेमकी त्याच्या काठाशी तुटते, म्हणून दोन बोटं अलीकडे ती दांड्याला बांधली. काळी टेप मारली नाही. मे महिन्यात तिचा डिंक वितळतो आणि जुलैत तीच आत पाणी धरून ठेवते. आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही जोडावर नको, त्यातलं आम्ल तांबं खातं.

मोटरची केबल आसातून बाहेर पडते आणि थेट वर गेली तर वरचं पाणी तिच्यावरून ओघळत मोटरमध्ये शिरतं. तिला आधी आसाच्या खाली झोळ दिला. पहिल्याच मोठ्या सरीत मी मुद्दाम थांबून पाहिलं : थेंब झोळाच्या तळाशी जमत होते आणि तिथूनच रस्त्यावर पडत होते.

आमच्या वीरपर्यंतचा कोकण रेल्वेचा रोहा–वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. आज त्या रुळांवर २५,००० व्होल्टची तार आहे. रेल्वेसुद्धा अशा तारांचे तापलेले जोड शोधायला थर्मल कॅमेरा वापरते. माझ्याकडे बोटं आहेत. चढ संपला की उतरून प्रत्येक जोडाला हात लावतो. जो कोमट लागेल तो घरी गेल्यावर उघडायचा.

जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडालं ते आम्हा कुणालाच विसरता येण्यासारखं नाही. म्हणून इकडे सायकलला मोटर बसवणाऱ्या प्रत्येकाला एक कळकळीची विनंती. पुराचा इशारा आला की बॅटरी काढून माळ्यावर ठेवा. ती पाण्यात बुडालीच, तर वरून कितीही कोरडी दिसली तरी चार्जरला लावू नका आणि घरात ठेवू नका. आत शिरलेलं पाणी सेल आणि सर्किट हळूहळू खात राहतं, आणि आग काही दिवसांनीही लागू शकते. बॅटरीचे पैसे गेले तर जाऊ देत.