पिस्तूल घ्यावे म्हणतो

गेली दोन वर्षे आमच्या घरात ज्या वस्तूविषयी सर्वांत अधिक बोलणे झाले, ती वस्तू अद्याप घरात आलेली नाही. डिचोलीत राहणाऱ्या, साठी उलटलेल्या आणि चष्म्यावाचून उंबरठाही न दिसणाऱ्या गृहस्थाने पिस्तूल बाळगण्याचा विचार करावा, हे वाचून वाचकांस हसू येईल. घरच्यांस ते प्रथम आलेच होते. परंतु प्रसंगच तसा घडला.

काजूच्या हंगामात आम्ही पेडणे तालुक्यातील चांदेल, हसापूर, इब्रामपूर या बाजूच्या बागायतदारांकडून काजूबिया घेतो. वडिलांपासूनचा हा व्यवहार, सारा रोखीचा. एके दिवशी तिन्हीसांजेच्या सुमारास स्कूटर थांबवून आम्ही पाणी पीत असता मागून मोटारसायकलवरून दोघे आले. मागे बसलेला उतरला. त्याच्या हाती कोयता होता. तोंडाने तो काहीच बोलला नाही. नुसता हात पुढे केला. आम्ही पिशवी दिली. हे सारे घडावयास सांगावयाला लागतो त्याहूनही कमी वेळ लागला. पैसे गेले ते गेले. मनात राहिला तो त्या मुलाचा चेहरा. मिसरूड नुकती फुटत होती आणि कोयत्याचा हात थरथरत होता. आमच्या थोरल्या नातवाहून फार तर वर्षभराने मोठा असेल.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून जाहीर केले, की आता पिस्तूल घ्यावयाचे.

पहिला सल्ला सातासमुद्रापलीकडून आला. आमचा पुतण्या ह्यूस्टनला असतो. त्याच्या टेक्सास राज्यात सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र न ठरलेल्या २१ वर्षांवरील माणसास जवळ पिस्तूल बाळगण्यास वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे तेथील मंडळी पिस्तुलाविषयी, आपण घड्याळाविषयी बोलावे, तशी बोलतात. तो म्हणाला, "काका, रोज जवळ ठेवायचे तर फार मोठे नको, लपत नाही, फार लहानही नको, मुठीत नीट बसत नाही. मधल्या आकाराचे ग्लॉक १९ घ्या. नऊ मिलिमीटर, पंधरा गोळ्या." आम्ही ते कागदावर लिहून घेतले आणि चौकशीस निघालो. पहिल्याच ठिकाणी कागदावर काट पडली. आपल्याकडे नऊ मिलिमीटर, .३८, .४५५ ही मापे सामान्य नागरिकास वर्ज्य आहेत. ती सैन्याची व पोलिसांची. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जिल्हाधिकारी जो परवाना देतात, त्यात कमरेच्या हत्यारासाठी बहुधा बत्तीस किंवा बावीस बोअर एवढेच हाती राहते. पुतण्याने ज्या निवडीवर फोनवर तासभर घालविला, ती आमच्यासाठी सरकारने आधीच करून ठेवली होती.

बरे, बत्तीस म्हटले तरी ते एक नव्हे. पिस्तुलाचे बत्तीस निराळे आणि रिव्हॉल्व्हरचे निराळे. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. पिस्तुलाचे काडतूस ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन कारागिराने १८९९ च्या सुमारास काढले. त्याचा जोर नऊ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. विक्रेत्याने पेटी उघडून दाखविली, तेव्हा काडतुसाच्या बुडावरील खूण पाहून आम्हांस उगीचच आपलेपणा वाटला. ती खडकीच्या कारखान्याची होती. पुण्याजवळचा हा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. आणि गंमत पाहा, 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे दोन्ही शब्द मराठीत आले ते पोर्तुगीजांकडून.

हत्यारे हाती घेऊन पाहिली. स्वदेशी 'अशनी' पिस्तूल चपटे, सदऱ्याखाली कमी फुगणारे. परंतु त्याचा वरचा भाग मागे ओढावयास बोटांत बळ हवे. आमच्या अंगठ्याच्या सांध्याने तेथेच असहकार पुकारला. शिवाय काडतुसांची पेटी काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे वाटते, परंतु एक गोळी आत नळीशी राहिलेली असू शकते. अपघात होतात ते या समजुतीपायी. रिव्हॉल्व्हरचे तसे नाही. चक्र बाहेर काढले, की सहाही घरे डोळ्यांसमोर. एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा घोडा ओढावा, दुसरे पुढे येते. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. वजन अर्धा किलो, म्हणजे सोललेल्या लहानशा नारळाएवढे. किंमत तेव्हा सुमारे १ लाख २२ हजार रुपये. आम्हांस तेच मानवले. परंतु ते ठेवावयाचे कोठे? आमचा पोशाख उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचा पातळ सदरा. त्यात नारळ लपेल काय? पावसाळ्यातील चार महिने तर येथे विळ्यालाही रात्रीत गंज चढतो. उघड्यावर मिरवण्यास नियमाने मनाई आहे. हत्यार म्यानात बंदच हवे.

आणखी एक अडचण कोणी सांगितली नसती, तर आम्ही फसलोच असतो. इब्रामपुराहून डिचोलीस येण्याची आमची जवळची वाट दोडामार्गावरून जाते, आणि दोडामार्ग महाराष्ट्रात! परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. ते केवळ गोव्यापुरते असेल, तर ज्या वाटेसाठी हत्यार घ्यावयाचे, त्याच वाटेवर अर्ध्या तासासाठी आम्हीच गुन्हेगार ठरणार.

बंदूक आमच्या घरास नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. आजोबांची ठासणीची बंदूक माकडे आणि रानडुकरे यांच्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजही आहे. निवडणूक आली, की ती पोलीस ठाण्यात जमा करावयाची आणि निकालानंतर आणावयाची, हा वर्षानुवर्षांचा प्रघात. सरसकट सर्वांची हत्यारे अशी जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करावा, असा निर्णय २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणातच दिला. परंतु ती बंदूक खुंटीवर असली, तरी भरावयास पाच मिनिटे लागतात. तिची कोणास भीती वाटत नाही, माकडांसही नाही.

पिस्तुलाची गोष्ट वेगळी. ते भरलेले असेल, तरच उपयोगाचे. सौ.नी एकच प्रश्न विचारला, "अहो, चतुर्थीला ते कुठे ठेवणार?" गोमंतकातील वाचकांस या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चतुर्थीस आमच्या घरी तीस-पस्तीस माणसे असतात. माटोळी बांधावयास मुले माळ्यावर चढतात, कपाटे उघडतात, गाद्या काढतात, पेट्या ओढतात. कुलूप असलेली खोली या घरात एकच, ती देवांची. आणि देवांच्या शेजारी पिस्तूल ठेवावयास आमचे मन धजत नाही. तिजोरी घ्यावी, तर तिची किल्ली जानव्यास बांधावयाची, आणि वाटेत कोयता पुढे आला म्हणजे किल्ली काय उपयोगाची?

आईने वयाची पंचाऐंशी ओलांडली आहे. ती हे सारे मुकाट्याने ऐकत असे. एके दिवशी म्हणाली, "तें म्हाका घरांत नाका." मग पहिल्यांदाच तिने सांगितले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात मोहन रानडे जखमी होऊन पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि सुटका झाली ती १९६९ साली. त्या दिवसांत झडत्यांची धास्ती घरोघर होती. आईच्या माहेरी पणजोबांचे एक शोभेचे, गंजके पिस्तूल होते. चापही न हलणारे. तिच्या वडिलांनी ते रात्री विहिरीत टाकले. कोणी झडतीस आले नाही. पुढे कितीतरी दिवस आजीने त्या विहिरीचे पाणी देवास घातले नाही आणि आईस काढावयास एकटीला जाऊ दिले नाही.

आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांस आम्ही त्या संध्याकाळचा प्रसंग सांगून विचारले, की तेव्हा गोळी झाडली असती तर? ते म्हणाले, "कोयता समोर धरलेला असताना जिवाचे भय खरे होते, भारतीय न्याय संहितेच्या ३८ व्या कलमाचा आधार घेता आला असता. त्याने पाठ फिरविली, की मग नाही." म्हणजे कायद्याने आम्हांस दिलेला अवकाश दोन-तीन निमिषांचा. त्या निमिषांत म्यान उघडावयाचे, चष्मा सावरावयाचा आणि पाच पावलांवरील त्या थरथरणाऱ्या हाताकडे पाहत बोट आवळावयाचे. बत्तीस बोअरचा जोर कमी खरा. परंतु पाच पावलांवर, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या छातीसाठी, तो कमी नाही. मापाविषयी इतके वाचले, इतके विचारले. हा हिशेब मात्र त्या दिवसापर्यंत आम्ही केला नव्हता.

मध्यंतरी व्यवहारही पालटला आहे. चांदेलचे पुष्कळसे बागायतदार आता पैसे मोबाइलवरच घेतात. रोकड पूर्वीच्या चौथाईसुद्धा नसते. काही म्हातारे मात्र अजून नोटा मोजून घेतल्याशिवाय पोत्यास हात लावू देत नाहीत, आणि त्यांच्यासाठी पिशवी न्यावीच लागते. संध्याकाळी मागून मोटारसायकलचा आवाज आला, की मान अजूनही आपोआप वळते.

परवान्याचा अर्ज कपाटात आहे. हत्याराच्या प्रकाराच्या रकान्यात आम्ही 'रिव्हॉल्व्हर, .३२' असे पेन्सिलीने लिहिले आहे. शाईने लिहावयाचे राहिले आहे.